आतली भिंत

सांगलीत एके काळी कुठल्याही चहाच्या गाड्यापाशी उभं राहून ‘दोन खोल्यांचा फ्लॅट बघतोय’ असं नुसतं पुटपुटलं, तरी तीन माणसं वळून बघायची. त्यातली दोन एजंट असायची आणि तिसऱ्याचा मेव्हणा एजंट असायचा. किराणा दुकानदार एजंट, निवृत्त तलाठी एजंट, लग्नं जुळवणारे तर असायचेच. आता अख्ख्या जिल्ह्यात सात जण उरले होते. त्यांतली एक, नीलांबरी हुपरे, विश्रामबागेतल्या आपल्या ऑफिसात खिडकीचा पडदा ओढून बसली होती. बाहेर रांग होती. रांगेतल्या लोकांशी नजरानजर झाली की तिला उगाचच अपराधी वाटायचं.

हे सगळं एका यंत्रापायी झालं होतं. सरकारी भाषेत त्याचं नाव ‘थरवाचक’. लोक त्याला ‘नाक’ म्हणत.

ते बिचारं मुळात घरांसाठी जन्मलंच नव्हतं. जुनी भित्तिचित्रं जपणाऱ्या एका संशोधिकेला चित्रांवर साचलेल्या काजळीचं वय काढायचं होतं. त्या खटपटीत तिच्या लक्षात आलं, की भिंत सगळं आत घेत असते. गिलाव्याला बारीक छिद्रं असतात. घरात आपण जे शिजवतो, जाळतो, घामातून आणि श्वासातून बाहेर टाकतो, त्याचे रेणू त्या छिद्रांत शिरून बसतात. एरवी ते हळूहळू उडून गेले असते. पण आपण दर काही वर्षांनी भिंतीला रंग देतो, आणि रंगाचा प्रत्येक हात म्हणजे खालच्या हवेवर बसवलेलं झाकण. थरवाचकाची केसाहून बारीक सुई भिंतीत शिरते, एकेका थराला थोडी ऊब देते आणि सुटलेले रेणू त्यांच्या वजनावरून ओळखते. रंगातल्या रसायनांवरून थर कोणत्या सालचा तेही कळतं. म्हणजे घर विकण्याआधी रंग देऊन त्याला नवंकोरं करायची जी धडपड एजंटांनी पिढ्यान्‌पिढ्या केली, तिच्यामुळेच घरांचा सगळा इतिहास डबाबंद होऊन राहिला होता.

मग कुठल्याशा शहरात कीटकनाशकांच्या जुन्या गोदामाचे फ्लॅट झाले, तिथली मुलं आजारी पडली, एजंटांना सगळं ठाऊक होतं असं निघालं आणि लोक खवळले. खवळणं रास्तच होतं. त्यातून परवान्याचा नवा कायदा आला. एजंटाला रसायनशास्त्राची परीक्षा सक्तीची झाली. यंत्र स्वतःच्या मालकीचं हवं आणि ते त्याच्या आवाजाशी जोडलेलं हवं. घर विकताना विकणारे सगळे वारस आणि घेणारे यांच्यासमोर भिंती वाचायच्या, जे निघेल ते मोठ्याने सांगायचं आणि कुणी प्रश्न विचारला तर साध्या भाषेत खरं उत्तर द्यायचं. यंत्र ऐकत असतं. बोलणं वाचनाशी जुळलं तर दिवा हिरवा राहतो. जुळलं नाही तर लाल होतो आणि परवाना त्या क्षणी कायमचा रद्द होतो. एजंटाच्या वाचनाशिवाय खरेदीची नोंदणी होत नाही.

फसवणारे एजंट गेले, हे खरं. त्यांच्याबरोबर न फसवणारेही गेले, कारण पन्नाशीच्या माणसाला रेणूंची वजनं पाठ होत नसतात. कुणी विमा विकू लागला, कुणी मिरजेला रसवंती टाकली, कुणी मुलाकडे जाऊन नातवंडं सांभाळू लागला. उरलेल्या सातांकडे वर्ष-वर्षाची रांग लागली. ज्यांना थांबणं शक्य नव्हतं ते नोंदणीशिवाय, नुसत्या शब्दावर घरं देऊ-घेऊ लागले आणि पूर्वीपेक्षा जास्त फसू लागले. पण ते फसणं कुठे नोंदलं जात नसल्यामुळे तक्रारी कमी झाल्या, आणि कायदा करणारे खूश होते.

नीलाकडे रसायनशास्त्राची पदवी होती. बावीस-तेवीस वर्षांची असताना तिला त्या पदवीवर एक साधी नोकरी मिळाली नव्हती. तेव्हा भूपाल मगदूम, म्हणजे अण्णा, यांनी तिला आपल्या ‘मगदूम इस्टेट’मध्ये किल्ल्या सांभाळायला ठेवली. घर कसं दाखवायचं, गिऱ्हाईक दारातून आत शिरताना आधी कुठे बघतं, नवरा-बायकोत निर्णय कोणाचा असतो, हे सगळं तिला अण्णांनी शिकवलं. कायदा आल्यावर अण्णा दोनदा परीक्षेला बसले आणि दोनदा नापास झाले. दुसऱ्यांदा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने दुकानाची पाटी उतरवली आणि नीलाच्या ऑफिसात येऊन चहा मागितला. तेव्हापासून ते रोज यायचे आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे.

नीलाला त्यांचं येणं हवंसं वाटे, कारण तिच्याकडे दुसरं कुणी येत नसे. कामासाठी लोक यायचे ते निराळं. बोलवायचं मात्र कुणी नाही. हळदीकुंकवाला, बारशाला, साध्या गप्पांना तिला घरी बोलावणं शेजारणींनी हळूहळू बंद केलं होतं. एका घराच्या भिंतीतून तिने वडिलांची चोरून प्यायलेली दारू वाचली होती आणि तीन भाऊ तिच्यासमोर एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. दुसऱ्या एका घरात सुनेच्या खोलीत वर्षानुवर्षांच्या झोपेच्या औषधाचा अंश निघाला होता. असल्या गोष्टी गावात पसरतात. ती यंत्र ऑफिसात ठेवून गेली तरी लोकांना वाटायचं, ही भिंतीकडेच बघतेय.

“नीला, आता माझंबी घर वाच बग,” एक दिवस अण्णा कपबशी खाली ठेवत म्हणाले.

“कशाला?”

“इकायचं हाय. सन्मती म्हणती, हुबळीला ये. बाथरूममध्ये पडलो तवापास्नं रोज फोन करती. एकटं ऱ्हाऊन काय करू?”

सन्मती ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती आपणहून बापाला बोलावतेय हे ऐकून नीलाला बरं वाटलं, कारण दोन वर्षांपूर्वी ती बापाशी बोलतसुद्धा नव्हती. तिची आई, विमलकाकू, मूत्रपिंडं निकामी होऊन आठवडाभरात गेली होती. दिवसकार्याच्या वेळी सन्मती सगळ्यांदेखत म्हणाली होती, “घरातल्या घरात आई मरत होती आणि तुम्ही गावाला फ्लॅट दाखवत फिरत होता.” पुढे दवाखान्यातल्या डॉक्टरांनीच तिला समजावलं, की कधी कधी शेवटपर्यंत काही कळत नाही, अचानक होतं. त्या ‘अचानक’वर सन्मतीने बापाला माफ केलं, आणि बापानेही स्वतःला. अजूनही कुणी विमलकाकूंचा विषय काढला की अण्णा आधी तो शब्द म्हणायचे आणि मग पुढचं बोलायचे.

“अण्णा, दुसऱ्याकडून करून घ्या ना,” नीला म्हणाली. “कोल्हापूरचे शिरगुप्पे आहेत. मी सांगते त्यांना.”

“त्यांच्याकडं दीड वरसाची रांग. आणि दुसऱ्याकडं कशाला? माझ्या घरात लपवण्यासारखं काय हाय?” अण्णा हसले. “जेवण दिवस मावळायच्या आत, कांदा-लसूण न्हाई, दारू-बिडी न्हाई. तुझं यंत्र कंटाळंल.”

नीलाही हसली. नाही म्हणायला हवं होतं, हे तिला नंतर अनेकदा वाटलं. पण नाही म्हणायला काही कारण लागतं, आणि ज्या माणसाने आपल्याला उभं केलं त्याला रांगेत कसं उभं करायचं?

गिऱ्हाईक लगेच मिळालं. तुषार आणि प्राजक्ता वाघमोडे, दोघंही शाळेत शिक्षक. फ्लॅट विमलकाकूंच्या नावावर होता. बाईच्या नावावर खरेदी केली की मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, म्हणून अण्णांनी तो तसा घेतला होता आणि पुढे कित्येक नवऱ्यांना तोच सल्ला दिला होता. त्यामुळे आता सन्मतीही वारस होती आणि वाचनाला तिची हजेरी लागणार होती. ती हुबळीहून फोनच्या पडद्यावर आली. नीलाने फोन टीव्हीच्या फळीवर उभा केला.

“अप्पा, जेवलात का?” तिने विचारलं.

“तू येऊन वाढशील तवा,” अण्णा म्हणाले आणि सगळे हसले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. वाघमोड्यांना घर दाखवताना ते पुन्हा एजंट झाले. पूर्वेचा वारा कुठून येतो, दुपारी ऊन कुठवर येतं, पाण्याच्या टाकीचा आवाज कुठल्या खोलीत येत नाही, सगळं त्यांनी न विचारता सांगितलं. प्राजक्ताला घर आवडलं होतं. नीलाला तिच्या चालण्यावरूनच ते कळलं, आणि ते ओळखायलाही अण्णांनीच शिकवलं होतं.

तिने थरवाचक हॉलच्या भिंतीला लावला. सुई आत गेली, हिरवा दिवा लागला. उदबत्ती, तूप, चंदन. नदीचा पूर या मजल्यापर्यंत कधी आला नव्हता. स्वयंपाकघरात पाच थर निघाले आणि एकाही थरात कांदा-लसणाचा मागमूस नव्हता.

“खरंच की,” प्राजक्ता म्हणाली. “आम्ही आलो की भिंतीला धक्काच बसायचा.”

अण्णा मान डोलवत होते. स्वयंपाकघराचं वाचन चाललं असताना त्यांचे डोळे भरून आले, कारण ती सगळी हवा विमलकाकूंच्या हातची होती. नीलालाही भरून आलं. क्षणभर तिला वाटलं, की या यंत्राने कुणाचं भलंही होऊ शकतं.

शेवटी झोपायची खोली राहिली. पलंगाच्या उशाशी जी भिंत होती तिला तिने यंत्र लावलं.

वाचन एजंटाला आधी दिसतं. चार-सहा श्वासांचा अवधी असतो, तेवढ्यात मनाशी वाक्यं जुळवायची. नीलाने पडदा पाहिला. तिसऱ्या आणि चौथ्या थराखाली अमोनिया होता. तो एकटा असता तर फरशी पुसायच्या औषधाचा म्हणता आला असता. पण त्याच्याबरोबर ट्रायमिथिलअमाइनही होतं, आणि दोघांचं ते ठरावीक प्रमाण तिने परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं. मूत्रपिंडं रक्त धुवेनाशी झाली की रक्तातला युरिया वाढतो, तोंडात त्याचा अमोनिया होतो आणि श्वासाला एक उग्र, माशासारखा वास येऊ लागतो. माणूस रात्रभर श्वास सोडतो आणि उशाशी असलेली भिंत तो घेत राहते. तिसरा थर काकू गेल्या त्याच्या चार वर्षं आधीचा होता. चौथा, दोन वर्षं आधीचा.

म्हणजे अचानक काही झालंच नव्हतं. चार वर्षं या खोलीत तो वास होता, आणि वेळेत दाखवलं असतं तर विमलकाकू कदाचित आज चहा करत असत्या.

“थर तिसरा आणि चौथा,” नीलाने वाचायला सुरुवात केली. तिने शक्य तितक्या कोरड्या आवाजात वाचलं. “अमोनिया आणि ट्रायमिथिलअमाइन, नेहमीपेक्षा जास्त.”

दिवा हिरवाच राहिला. वाघमोडे गुरुजींनी समजल्यासारखी मान हलवली. अण्णा खिडकीची कडी नीट बसते का ते दाखवत होते. आणखी थोडा वेळ कुणी काही बोललं नसतं, तर नीला सुई काढून घेणार होती.

“नीलाताई,” फोनवरून सन्मतीचा आवाज आला, “ते शेवटचं काय म्हणालात? म्हणजे काय असतं?”

तिने सहज विचारलं होतं. शाळेत न समजलेलं विचारावं तसं. नीला तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. हुबळीच्या त्या घरात अण्णांसाठी एक खोली रिकामी केलेली होती, नवी गादी आणलेली होती, आणि हे सगळं ‘अचानक’ या एका शब्दावर उभं होतं. खरं सांगितलं तर तो शब्द जाणार होता. खोटं सांगितलं तर परवाना. परवाना गेला तर बाहेरच्या रांगेचं काय, आपलं काय, हे तिच्या मनात आलं, पण ते फार दूरचं वाटलं. अण्णा मात्र समोर उभे होते.

“ओल आहे,” नीला म्हणाली. “भिंतीला थोडी ओल होती. कुजकट वास धरतो त्याने. आता नाही.”

दिवा लाल झाला. कसलाही आवाज झाला नाही. वाघमोडे नवरा-बायकोंनी तिकडे पाहिलंही नाही, ते एकमेकांकडे बघत होते. नीलाने तळहात दिव्यावर ठेवला. तिला मोकळं वाटलं. आता फक्त सुई काढायची, काहीतरी सबब सांगून उठायचं, आणि पुढचं पुढे.

“ओल?” अण्णा खिडकीपासून वळले. घर विकणाऱ्या बापाचा नव्हता तो आवाज. तीस वर्षं दुसऱ्यांची घरं विकलेल्या एजंटाचा होता, आणि त्याच्या स्वतःच्या घराला आत्ता गिऱ्हाइकासमोर नाव ठेवलं गेलं होतं. “काय बोलतीस नीला? आतली भिंत हाय ती. पलीकडं हॉल हाय. ना न्हाणीघर, ना नळ. तिला ओल कुठनं येणार?”

“असेल, थोडी पूर्वी—”

“कवाच न्हवती. आवो सर, तुमी काळजी करू नका. या भिंतीला मी सोता दोनदा वॉटरप्रूफ रंग मारून घेतलाय. भारीतला.”

“ओल नव्हती, तर मग वॉटरप्रूफ का लावला, काका?” प्राजक्ताने विचारलं. तिच्या विचारण्यात काही खोच नव्हती.

“वास यायचा,” अण्णा म्हणाले.

आणि ते थांबले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग पलंगाकडे, मग उशी असायची त्या जागेकडे. मग नीलाकडे पाहिलं. नीलाने मान खाली घातली. अण्णांनी तिचा हात यंत्रावरून हळूच बाजूला केला आणि लाल दिवा पाहिला.

“अप्पा,” सन्मती म्हणाली. “कसला वास?”

ते पलंगाकडे वळले.

“अप्पा, कधी यायचा वास?”

अण्णा पलंगावर बसले. परीक्षेला बसलेला, उत्तर येत नसलेला माणूस दिसावा तसे ते दिसत होते. “बाहेरनं आलो की यायचा. रातच्याला जास्त. मला वाटलं, ओल आली. घरात वास आला की काय करायचं ते मला एकच ठावं हुतं. पेंटरला फोन केला. मी तर गावात बी नव्हतो तवा. दोन वरसांनी वास पुन्ना आला, पुन्ना रंग मारला.”

“आईला विचारलं नाही तुम्ही?”

“इचारलं की.” अण्णांचा आवाज अगदी साधा होता. “म्हटलं, तुला वास येतोय का? ती म्हणाली, मला तर न्हाई येत. मी म्हटलं, तू दिवसभर घरातच असतीस, तुला सवय झालीया.”

पडद्यावर सन्मतीने हात पुढे केला आणि पडदा काळा झाला. वाघमोडे नवरा-बायको चपला घालून हळूच निघून गेले. जाताना प्राजक्ताने दार आवाज न करता लावलं.

पुढच्या आठवड्यात जिल्ह्यातल्या परवानाधारक एजंटांची संख्या सहा झाली. विश्रामबागेतली रांग आधी गोंधळली, मग पांगली. त्यातले काही शिरगुप्प्यांच्या रांगेच्या शेपटाला जाऊन लागले, काहींनी नुसत्या शब्दावर व्यवहार उरकले. यंत्र सरकारने जप्त केलं. अण्णांचं घर विकलं गेलं नाही, कारण अर्धवट राहिलेलं वाचन दुसऱ्या एजंटाने पूर्ण करावं लागतं आणि एकही एजंट ते घर घ्यायला तयार नव्हता. लाल दिव्याचं घर अंगाशी येईल, असं त्यांना वाटे.

सन्मती दर रविवारी फोन करते. गोळ्या घेतल्या का, डबा वेळेवर येतो का, विचारते. तुम्ही कधी येताय, असं विचारत नाही. अण्णाही तो विषय काढत नाहीत.

आता नीला त्यांच्याकडे जाते. दोन कप चहा करते आणि दोघं बिनपरवान्याचे एजंट समोरासमोर बसतात. पहिले काही दिवस अण्णा ती आली की मान हलवायचे, गेली की मान हलवायचे. त्यांनी पलंग हलवला नव्हता. त्याच भिंतीशी डोकं करून ते झोपत होते.

एका संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवण उरकून, ते हात पुसत खुर्चीत बसले.

“नीला, एक सांग. तुझं शिक्षण झालंय म्हणून इचारतो. त्या चार वरसांत तिला तरास होत आसंल का गं? दुखत आसंल का?”

नीलाला उत्तर माहीत होतं. अंगाला खाज सुटते, पाय सुजतात, जेवण नकोसं होतं, रात्र रात्र झोप लागत नाही. हे सगळं तिने परीक्षेसाठी वाचलं होतं. विमलकाकू उन्हाळ्यातही पायांत मोजे घालायच्या, तेही तिला आठवलं. पण आता तिच्या बोलण्यावर कसल्या दिव्याची पाळत नव्हती. ती हवं ते बोलायला मोकळी होती, आणि या माणसाला देण्यासारखं तिच्याकडे एवढं एकच उरलं होतं.

“नाही अण्णा,” ती म्हणाली. “त्यात दुखत नाही. माणसाला काही कळतच नाही.”

अण्णांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग उपरण्याने चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“तुझा परवाना आसता,” ते म्हणाले, “तर खरं मानलं आसतं.”